तेलकट औषधाचा हिवाळा

दसऱ्यापर्यंत धुळ्यात घाम पुसावा लागतो आणि दिवाळी उलटली की एके सकाळी मोरीतलं पाणी हाताला चावतं. यंदाही तसंच झालं. पांझरेवरून येणारं वारं कानात शिरू लागलं, बाजारात भरताची हिरवी, थोराड वांगी हातगाड्यांवर रचलेली दिसू लागली, आणि सकाळी दूध तापवताना मला तो वास आला. खरं तर तो वास आता आमच्या घरात कुठेच नाही. त्या बाटल्या जाऊन तीस वर्षं होऊन गेली. पण थंडीत दुधावर जाड साय धरू लागली की माझ्या नाकाला तो येतोच. तेलाचा, जरासा कुबट, जरासा दारूसारखा उग्र.

माझ्या नणंदेचं औषध होतं ते. सायक्लोस्पोरिन. हे नाव तेव्हा धुळ्यातल्या दुकानदारांनाही नीट उच्चारता येत नसे. औषध मुंबईहून यायचं, गडद काचेच्या बाटलीत, पिवळसर तेलासारखं. सोबत काचेची एक नळी असे. नळीने मोजून घ्यायचं, काचेच्या पेल्यातल्या कोमट दुधात सोडायचं, ढवळायचं आणि लगेच प्यायचं. स्टीलचा पेला चालायचा नाही, प्लास्टिकचा तर नाहीच, कारण औषध त्याला चिकटून राहतं. पेल्यात पुन्हा थोडं दूध घालून, खळबळून तेही प्यायचं. मी जळगावच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. नळीतली रेघ डोळ्यांच्या पातळीला धरून कशी वाचायची ते मला ठाऊक होतं, म्हणून हे काम घरात आपसूक माझ्याकडे आलं. उजू नाक दाबून पेला तोंडाला लावायची, आणि मग बराच वेळ डोळे मिटून, ओठ घट्ट धरून बसायची.

उज्ज्वला तिचं नाव, पण सगळे उजूच म्हणत. मी चोपड्याहून लग्न होऊन या घरात आले तेव्हा घरात तिघंच होती. माझे यजमान, ते हायस्कुलात शिकवत. त्यांची आई, जिला सगळी गल्ली अक्का म्हणे आणि म्हणून मीही म्हणू लागले. आणि उजू. सासरे कधीच गेलेले. नव्या घरात पहिले महिने मी रडले नाही ते उजूमुळे. ती सतत बोलायची. भाकरी थापताना, वेणी घालताना, दात घासतानासुद्धा. मग एका पावसाळ्यात सकाळी तिच्या डोळ्यांखाली सूज दिसू लागली. आम्हाला वाटलं, झोप जास्त होते. मग पाय सुजले. मग जेवण पोटात राहीना. तपासण्या झाल्या तेव्हा कळलं की दोन्ही मूत्रपिंडं जवळपास गेलेलीच आहेत. का गेली हे कोणी सांगू शकलं नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी आईचं आणि भावाचं रक्त तपासलं. भावाचं जुळलं नाही, अक्कांचं जुळलं. डॉक्टर अक्कांना समजावून सांगू लागले की हा मोठा निर्णय आहे, घरी जाऊन विचार करा. अक्का अहिराणीत म्हणाल्या,

"मना पोटनी पोर शे ती. इचारानं काय त्यामा?"

उन्हाळ्यात शस्त्रक्रिया झाली. गावाकडचा मळा त्याआधीच विकला होता. पावसाळाभर दोघी मायलेकी मुंबईत राहिल्या, आणि दिवाळीच्या सुमाराला घरी आल्या. अक्कांच्या कुशीत पाठीकडून पोटापर्यंत गेलेला व्रण होता. उजूला अक्कांचं मूत्रपिंड पोटात उजव्या बाजूला, खाली बसवलेलं. वरून हात ठेवला तर कातडीखाली टणक उंचवटा लागायचा. उजूने माझा हात धरून तिथे ठेवला आणि म्हणाली, "बघ वहिनी, अक्का इथे आहेत." अक्का पलीकडे वाती वळत बसल्या होत्या. त्या हसल्या. त्या हिवाळ्यात मी त्यांना हसताना पाहिलं ते तेव्हाच.

ते औषध कशासाठी, हे मुंबईच्या डॉक्टरांनी आम्हाला साध्या शब्दांत सांगितलं होतं. शरीराला परकं ओळखता येतं. मूत्रपिंड आईचं असलं तरी उजूच्या शरीराला ते परकंच. शरीर त्याच्यावर तुटून पडेल. हे औषध त्याला तुटून पडू देत नाही. जन्मभर घ्यायचं. याहून जास्त तेव्हा विचारायचं सुचलं नाही. पुढे कितीतरी वर्षांनी, माझी मुलगी औषधनिर्माणशास्त्र शिकत होती तेव्हा, परीक्षेच्या दिवसांत ती याच स्वयंपाकघरात पाटावर बसून मोठ्याने वाचायची. एकदा ते नाव तिच्या तोंडून आलं आणि माझ्या हातातला झारा कढईत तसाच राहिला. मी म्हटलं, "हे पुन्हा वाच. आणि मराठीत सांग."

तिने सांगितलं ते मी माझ्या परीने असं समजून घेतलं. रक्तात पांढऱ्या पेशी असतात, त्यातल्या काहींचं काम परक्याला ओळखण्याचं. पेशीच्या बाहेर कॅल्शियम पुष्कळ असतं, आत मात्र अगदी नावापुरतं. पेशीला परकं काही भिडलं की तिच्या भिंतीतल्या बारीक वाटा उघडतात आणि कॅल्शियम आत येतं. ते आत येणं हीच तिच्यासाठी खबर. त्या कॅल्शियमने आतलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, जागं होतं. ते एका प्रथिनावरची खूण काढून टाकतं आणि ते प्रथिन केंद्रकात जातं. तिथून हुकूम सुटतो, आणि पेशी स्वतःच एक पदार्थ तयार करून बाहेर सोडू लागते. तो बाहेर सोडलेला पदार्थ म्हणजे बाकीच्या पेशींना घातलेली हाक. या हाकांना सायटोकाइन म्हणतात. ती हाक ऐकली की पेशी एकाच्या दोन, दोनाच्या चार होतात आणि परक्यावर धावून जातात.

"आणि औषध?" मी विचारलं.

"औषध त्या विकरालाच धरून ठेवतं. कॅल्शियम आत येतं, पण पुढे काहीच होत नाही. हाक तयारच होत नाही."

मी झारा बाजूला ठेवला. "मग दूध? आम्ही तिला ते दुधातूनच देत होतो. दुधात तर कॅल्शियमच असतं."

ती हसली, आणि माझा चेहरा पाहून थांबली. "नाही गं आई. खाल्लेल्या-प्यायलेल्या कॅल्शियमचा याच्याशी संबंध नाही. ते रक्तात असतंच कायम. दुधाने काही झालं नाही."

इतकी वर्षं हा प्रश्न माझ्या मनात होता हे मला तो विचारल्यावरच कळलं.

त्या हिवाळ्याकडे परत जाते. औषध आपलं काम चोख करत होतं. लघवी होत होती, सूज उतरली होती, उजू दोन भाकऱ्या जेवत होती. पण औषध बाकीही कामं करत होतं. तिच्या हिरड्या फुगून दातांवर चढू लागल्या. गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर काळी दाट लव आली. दंडांवर आली, पाठीवर आली. एकवीस वर्षांची मुलगी आरशाकडे पाठ करून वेणी घालायची. गल्लीतल्या बायका घरी येत, तब्येतीची चौकशी करत, आणि चौकशी करताना तिच्या ओठाकडे पाहत. ती बोलायची कमी झाली. मग बोलताना पदर तोंडावर धरायची सवय लागली. मग लोकांपुढे बोलणंच थांबलं.

आणि हात थरथरायचे. फार नाही. दुरून कोणाला दिसलंही नसतं. पण सुईत दोरा ओवता यायचा नाही. कपबशीतला चहा बशीत हिंदकळायचा. रांगोळीची रेघ सरळ पडायची नाही. मुंबईला दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, हे औषधाचं आहे, पुढे मात्रा कमी करत नेऊ तसं हेही कमी होईल, तोवर धीर धरा. उजूने विचारलं, "तोवर म्हणजे कधीपर्यंत?" डॉक्टर म्हणाले, "घाई करून चालणार नाही."

मार्गशीर्षात माझ्या चुलत दिरांच्या मळ्यात भरताचं जेवण झालं. खानदेशात हिवाळा म्हणजे हेच. कपाशीच्या काड्यांचा जाळ करायचा, त्यात वांगी काळी होईपर्यंत भाजायची, सोलून लाकडी बडगीत ठेचायची, वर हिरव्या मिरच्या, शेंगदाणे, कांद्याची पात, आणि सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी. दोन वर्षं आमच्या घरचं कोणी गेलं नव्हतं. त्या वर्षी अक्का म्हणाल्या, चला, पोरीला जरा मोकळं वाटेल. उजूला धूर नको, धूळ नको, कच्चं नको, गर्दी नको. ती विहिरीजवळ लिंबाखाली घोंगडीवर, नाकाला रुमाल बांधून बसली, आणि घरून नेलेला वरणभात डब्यातून खाल्ला. जाळाभोवती सगळे हसत होते. एका पुतणीने लांबूनच ओरडून विचारलं, "उजू आत्या, तू दाढी कधी करणार?" तिच्या आईने तिला चापट मारली. चापटीचा आवाज सगळ्यांनी ऐकला, म्हणून प्रश्नही सगळ्यांनी ऐकल्यासारखा झाला. उजूने डब्याचं झाकण लावलं. लावताना ते दोनदा निसटलं.

मला त्या मळ्याचं एवढंच आठवतं. भरीत कसं झालं होतं ते आठवत नाही. मला तेव्हा वासानेच मळमळत होतं, कारण मला दिवस गेले होते आणि सहावा सरत होता.

एकाच घरात, एकाच भिंतीला टेकून आम्ही दोघी बसायचो, दोघींच्या पोटात दुसऱ्याचं काहीतरी. माझ्या पोटातलं मूल अर्धं माझं, अर्धं त्याच्या बापाचं, म्हणजे माझ्या शरीराला अर्धं परकंच. तरी मला कोणतंही औषध लागलं नाही. डॉक्टरीणबाईंनी मला फक्त कॅल्शियमच्या पांढऱ्या गोळ्या दिल्या होत्या, खडूसारख्या लागणाऱ्या. उजूच्या पोटात तिच्या आईचं, आणि त्याला सकाळ-संध्याकाळ पहारा. मूल आईच्या पोटात नऊ महिने सुखाने राहतं आणि आईचा एक अवयव मुलाच्या पोटात एक दिवस पहाऱ्याविना राहू शकत नाही, हा काय न्याय, असं मी मुलीला विचारलं होतं. ती म्हणाली, वारेच्या पलीकडे निसर्गाने कितीतरी बंदोबस्त केलेले असतात, त्यातले सगळे अजून कळलेलेही नाहीत. आईसाठी बंदोबस्त आहे, म्हणजे. लेकीसाठी नाही.

त्या दिवसांत उजूला टायपिंगने झपाटलं. आजाराआधी तिने क्लास लावला होता. आमच्याच गल्लीच्या टोकाला, जिन्याने वर, सहा-सात यंत्रं ओळीने मांडलेली एक खोली. दुपारी खिडक्या उघड्या असल्या की त्यांची टकटक आमच्या ओसरीपर्यंत ऐकू यायची. सरकारी परीक्षा पास झालं की कचेरीत, बँकेत, कोर्टात अर्ज करता यायचा. उजूची परीक्षा आजारपणात बुडाली होती. आता ती म्हणाली, मला पुन्हा जायचंय. मुंबईच्या डॉक्टरांनी गर्दी टाळून जायला हरकत नाही असं सांगितलं. मग ती दुपारी, क्लासमध्ये दोन-तीनच मुली असत त्या वेळी जाऊ लागली. रुमाल बांधून जिना चढायची. मीही कधीकधी सोबतीला जाऊन बाकावर बसायचे. मराठी यंत्राच्या कळा जड असतात, करंगळीला तर फार जोर लागतो. तिचं बोट एका अक्षरावर जायला निघायचं आणि शेजारच्यावर उतरायचं. पान काढून ती उजेडात धरायची. जागोजाग चुकीची अक्षरं. क्लासचे सर भले होते, म्हणायचे, "होईल ताई, सहा महिन्यांनी बसा." ती नवा कागद चढवायची.

एकदा परत येताना गल्लीत तिने मला थांबवलं. पदर तोंडावरून बाजूला केला. म्हणाली, "वहिनी, दोन वर्षं मी फक्त जगतेय. दुसरं काही करतच नाहीये."

मी म्हटलं, "जगलीस हेच पुष्कळ आहे आमच्यासाठी."

"तुमच्यासाठी," ती म्हणाली, आणि चालू लागली.

सातव्या महिन्यात माझी ओटी भरली आणि भाऊ मला चोपड्याला न्यायला आला. निघताना मी उजूला नळीतली रेघ पुन्हा दाखवली. तिने माझ्यासमोर मोजून दाखवलं, एकदाही न चुकता. पेल्यात सोडलं, ढवळलं, प्यायली. अक्का म्हणाल्या, "तू जाय व माय. आठे मी शे." एस.टी. एरंडोल मागे टाकून पुढे निघाली तेव्हा दोन्ही बाजूंनी कापूस वेचलेली काळी रिकामी शेतं होती आणि मी खिडकीला डोकं टेकून निवांत झोपले.

चोपड्याला माहेरी केळीच्या बागा, सातपुड्याची निळी रांग, आईच्या हातचं खाणं. घरची बातमी शेजारच्या दुकानातल्या फोनवर यायची. सगळं ठीक. उजूने परीक्षेचा फॉर्म भरला. उजूने परीक्षा दिली. उजू खूश आहे, गुणगुणते. यांचा आवाज फोनवर इतका हलका मी बऱ्याच दिवसांनी ऐकला होता. महाशिवरात्रीनंतर मला मुलगी झाली. तो निरोप धुळ्याला गेला, आणि उलट निरोप आला की उजूला ताप आहे, पोटात उजवीकडे दुखतंय, आणि तिला घेऊन हे मुंबईला निघालेत.

काय झालं होतं ते तिनेच डॉक्टरांना सांगितलं. त्यांना शोधून काढावं लागलं नाही. तिने परीक्षेपुरतं ते तेलकट औषध बंद केलं होतं. बाकीच्या गोळ्या घेत होती. सकाळी दूध प्यायची, पण त्यात औषध नसायचं. अक्कांना दुधाचा रंग तो काय कळणार! थोड्या दिवसांत हात स्थिर झाले. पोटात काही दुखेना, लघवी नेहमीसारखी, ताप नाही. तिला वाटलं असावं, डॉक्टर उगाच घाबरवतात. परीक्षा झाल्यावर सुरू करू म्हणाली, आणि परीक्षा झाल्यावर आणखी थोडे दिवस म्हणाली, कारण ओठावरची लव विरळ होऊ लागली होती.

आत काय चाललं होतं ते आता मला माहीत आहे. विकराला धरून ठेवणारं कोणी उरलं नव्हतं. कॅल्शियम पूर्वीसारखंच आत येत होतं, पण आता ती खबर मिळताच जागं होणारं विकर मोकळं होतं. हाका तयार झाल्या. एका पेशीने घातली, दुसरीने ऐकली. शरीर आपलं नेमून दिलेलं काम करत होतं. त्यात शत्रुत्व नव्हतं, चूकही नव्हती. निरोगी माणसाला न्यूमोनियातून, विषमज्वरातून वाचवतात त्याच या हाका. त्यांनीच अक्कांचं मूत्रपिंड नासवलं, आणि ते होत असताना उजू ओसरीवर बसून गुणगुणत होती.

मुंबईत भारी इंजेक्शनं दिली. उपयोग झाला नाही. मूत्रपिंड गेलं ते गेलंच. त्याने त्रास दिला तरच काढू, एरवी आहे तिथेच राहू द्या, असं डॉक्टर म्हणाले. आता यंत्रावर रक्त साफ करून घ्यायचं, आणि ती सोय तेव्हा आमच्या जवळ म्हणजे नाशकात. अक्का डॉक्टरांसमोर हात जोडून उभ्या राहिल्या. "मनी दुसरी बी काढी ल्या. तिले द्या." डॉक्टरांनी त्यांना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. असं करता येत नाही, तुम्ही मराल, म्हणाले. अक्का म्हणाल्या, "मंग?" हे यांनी मला सांगितलं.

मी बाळाला घेऊन धुळ्याला परतले तेव्हा चैत्र लागला होता. थंडीचा मागमूस नव्हता. उजू आतल्या खोलीत पडून होती. रंग मातकट झाला होता, चेहरा पुन्हा सुजलेला. मी बाळ तिच्यापासून जरा लांब धरलं. कोणाला कोणाचा संसर्ग होईल याची मला भीती. तिने दोन्ही हात पुढे केले.

"दे ना वहिनी. जरा वेळ."

मी दिलं. तिने बाळाला मांडीवर घेतलं, एक हात मानेखाली घातला आणि दुसरा हात वर उचलून माझ्यासमोर धरला. बोटं पसरलेली. स्थिर.

"बघ," ती म्हणाली. "अजून हलत नाहीत."

मग ती मला परीक्षेबद्दल सांगू लागली. किती तरी दिवसांनी तिला असं भरभरून बोलताना ऐकत होते. टेबल डुगडुगत होतं म्हणून तिने पायाखाली कागदाची घडी घातली. घंटा झाली आणि पहिल्या ओळीतच तिला कळलं की आज बोटं ऐकताहेत. "वहिनी, एक अख्खं पान. एकही चूक नाही. मी पान काढून उजेडात धरलं, तर पर्यवेक्षक म्हणाले, काय शोधताय? मी म्हटलं, काही नाही." ती हसली. हिरड्या अजून सुजलेल्याच होत्या. "मला माहीत होतं धोका आहे म्हणून. मूर्ख नव्हते मी. पण असं वाटलं, थोडे दिवस तर चालेल. थोडे दिवस कोणालाही चालतात."

"आम्हाला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही बंद करू दिलं असतं?"

अक्का दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या आत आल्या, बाळाला उजूच्या मांडीवरून उचललं, माझ्याकडे दिलं, आणि उजूच्या पोटावर उजव्या बाजूला हात ठेवून बसून राहिल्या. दुखतंय का, विचारलं नाही. रागावल्या नाहीत. नंतर स्वयंपाकघरात मला एकटीला गाठून म्हणाल्या,

"तू शिकेल शेस. माले एक सांग. मना आंगनं तिना आंगले परकं कसं व्हयनं?"

मी शिकलेली होते, पण मला तेव्हा उत्तर ठाऊक नव्हतं. आज ठाऊक आहे आणि आजही ते मला त्या चुलीपाशी उभं राहून सांगता आलं नसतं. लेकरात आईचं अर्धंच उतरतं, बाकीचं अर्धं दुसरीकडून येतं, आणि पेशींना माया कळत नाही, फक्त भेद कळतो, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? मी म्हटलं, "नाही हो अक्का, परकं नाही झालं. आजार वाईट होता." त्यांनी मान हलवली. पटलं म्हणून नव्हे. सून खोटं बोलतेय आणि चांगल्यासाठी बोलतेय, एवढं कळलं म्हणून.

मूत्रपिंड वाचवायला दिलेल्या त्या भारी इंजेक्शनांनी पेशींच्या हाका बंद पाडल्या होत्या. मूत्रपिंडासाठी उशीर झाला होता, पण हाका मात्र बंद पडल्या होत्या, आणि आता खरोखरचा परका छातीत शिरला तेव्हा उठायला कोणी नव्हतं. वैशाखात नाशकाला नेताना जीपमध्येच तिला धाप लागली. न्यूमोनिया, म्हणाले. बाहेर रस्त्याचं डांबर वितळत होतं आणि तिला हुडहुडी भरली होती. दोन चादरी घातल्या तरी थांबेना. अक्का तिचं डोकं छातीशी धरून होत्या. नाशकात पोचल्यावर तिने चार-पाच दिवस काढले. शेवटी बोलता येत नव्हतं. चादरीवर बोटं हलत होती, एका ओळीत, डावीकडून उजवीकडे. नर्स म्हणाली, तापात होतं असं.

तिच्यावर नाशकातच गोदावरीकाठी संस्कार झाले.

घर चालू राहिलं. बाळ रांगू लागलं, चालू लागलं. मी शाळेत विज्ञान शिकवायला लागले. हिवाळे येत राहिले. दरवर्षी कोणी ना कोणी भरताला बोलवायचं आणि आम्ही जायचो, कारण न जाण्याचं कारण दरवर्षी सांगत बसता येत नाही. अक्का पुष्कळ जगल्या. एका मूत्रपिंडावर, कमी मीठ खाऊन, पहाटे उठून तुळशीला पाणी घालून जगल्या. उजूचं नाव त्या क्वचित घेत. माझ्या मुलीला कधीकधी चुकून उजू म्हणत आणि चूक दुरुस्त करत नसत.

त्यांच्या शेवटच्या वर्षांतली गोष्ट. पोटात दुखतं म्हणून मी त्यांना सोनोग्राफीला नेलं होतं. डॉक्टर तरुण मुलगी होती, इकडची नव्हे, कोल्हापूरकडची, नुकतीच धुळ्याला आलेली. पोटावर यंत्र फिरवता फिरवता ती थबकली. पुन्हा फिरवलं. मला म्हणाली, "यांचं एका बाजूचं मूत्रपिंड दिसत नाहीये. काढलंय का?"

मी सांगायला तोंड उघडलं, त्याआधी अक्काच बोलल्या. नजर छताकडे.

"मनी पोरजोडे शे."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मुलीकडे आहे म्हणताहेत. मुलीला दिलं होतं."

"अगंबाई, हो का!" तिचा चेहरा उजळला. ती अक्कांच्या हातावर हात ठेवून वाकली आणि जरा मोठ्याने, म्हाताऱ्या माणसांशी बोलतात तसं म्हणाली, "आजी, फार मोठं काम केलंत हो तुम्ही. आता मुलगी कशी आहे? काही त्रास नाही ना तिला?"

"नही," अक्का म्हणाल्या. "तिले आते काय व्हनार शे."

"छान," डॉक्टर म्हणाली, आणि पोटावरचं पुसायला मऊ कागद दिला.